बद्द वाजणारा कोपरा

१८ मार्च १९९६, सोमवार

रतिलालशेठ आज स्वतः शेडवर आले. त्यांची कापसाची जिनिंग आहे, पण जीव मोटारींत. मे महिन्याच्या शेवटी घाटातली शर्यत आहे आणि तिच्यासाठी त्यांची जीप हलकी करायचं चाललं आहे. मागच्या वर्षी मीच तिला काचेच्या फायबरचं बॉनेट करून दिलं. ते अजून शाबूत आहे. तरी शेठनी मोटारीच्या मागच्या बाकावरून कागदात गुंडाळलेला एक गठ्ठा काढला आणि माझ्या टेबलावर उलगडला. काळं कुळकुळीत कापड, चटईसारखं विणलेलं. त्यांच्या मेहुण्याने परदेशातून आणलंय.

‘‘झुलाल, याला कार्बन म्हणतात. विमानाला वापरतात. मला बॉनेट याचं पाहिजे. वरून रंग नको, वीण दिसली पाहिजे.’’

मी म्हटलं, ‘‘शेठ, मी काचेचा माणूस. कूलरच्या बॉड्या, टाक्या, जीपची हुडं. हे कधी हातात धरलं नाही.’’

‘‘काचेचं पण कापडच असतं की.’’

नासीर बाजूला उभा होता. जीपचं इंजिन त्याच्या हातचं, आणि शर्यतीत चालवणारही तोच. एकोणीस वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी एकाच पत्र्याखाली कामं सुरू केली. तो म्हणाला, ‘‘शेठ, गाडी इतनी हलकी करेंगे तो मैं दो रोटी जादा खा सकता क्या?’’ शेठ हसले. मी कापडावर हात फिरवला. काहीच लागलं नाही हाताला, इतकं ते गुळगुळीत.

कापड एका बॉनेटपुरतंच आहे. पुन्हा मिळायचं नाही.

२१ मार्च

काच भिजली की डोळ्यांना कळतं. काचेच्या धाग्यांची पांढरी मॅट साच्यावर पसरायची, रेझिन लावायचं, ब्रशने ठोकायचं. पांढरेपण जातं आणि ती तेल लागलेल्या कागदासारखी आरपार होते. जिथे हवा राहिली तिथे पांढरा डाग उरतो. डाग दिसला की ब्रश आपोआप तिकडे जातो. बावीस वर्षं माझं काम असं डोळ्यांनी चाललं.

काळं कापड कोरडं असताना काळं, भिजल्यावरही काळंच. आज वीतभर तुकड्यावर पदर चढवून पाहिले. याला आपलं नेहमीचं रेझिन चालत नाही, वेगळं लागतं, मधासारखं घट्ट. वाळल्यावर तुकडा करवतीने कापला, तर मधे सुपारीएवढी जागा कोरडी. वरून काही ओळखू येत नव्हतं.

मुंबईच्या रेझिनवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, ‘‘डोळे विसरा. प्रत्येक पदर बोटांनी दाबत जा. कोरडी जागा बोटाखाली कुरकुरते. आणि वाळल्यावर रुपयाचं नाणं वाजवून बघा. भरीव जागा खणखणीत बोलते, पोकळ जागा बद्द वाजते.’’

नाण्याचं मला तितकंसं पटलं नाही. वाळल्यावर कळून उपयोग काय? बोटांचं पटलं.

२५ मार्च

काचेची एक पट्टी आणि काळ्याची एक पट्टी शिकंज्यात धरून वाकवल्या. नासीर बघायला आला होता. काच बरीच वाकली, मग कण्हली, वाकल्या जागी पांढरी पडली, आणि त्यानंतर कितीतरी वेळाने तुटली. काळी पट्टी हूं की चूं नाही. दुप्पट जोर लावला तरी तशीच. मग एकदम बंदुकीसारखा आवाज झाला आणि तुकडा पत्र्यावर जाऊन आदळला.

नासीर म्हणाला, ‘‘ये तो मेरे ससुर जैसा है. कभी कुछ बोलेगा नहीं, और एक दिन सीधा दरवाजा बंद.’’

मी हसलो, पण संध्याकाळी हरिपाठ म्हणताना तेच डोक्यात होतं. दुखणं आलं की माणसाचा चेहरा आधी पांढरा पडतो, म्हणून घरच्यांना कळतं. काच तशी आहे. हे काळं कापड बलवान आहे, पण मनातलं सांगत नाही.

दुपारी घासताना त्याची काळी भुकटी बोर्डात गेली आणि फ्यूज उडाला. काचेच्या भुकटीने असं कधी केलं नाही.

२ एप्रिल

झुंबरबाई आमच्याकडे मॅट कापतात. माझ्यापेक्षा मोठ्या, मी त्यांना अक्का म्हणतो. आज त्या ओरडल्या, ‘‘भाऊ, तुमना बोटमधून रंगत निंघी राह्यनं!’’ पाहिलं तर उजव्या तर्जनीत काळ्या कापडाची सुईसारखं कुसळ शिरलेलं आणि रक्त मनगटापर्यंत आलेलं. मला पत्ता नव्हता. त्यांनी ते चिमट्याने उपसून काढलं. ‘‘हाऊ हात शे का लाकूड?’’ म्हणाल्या.

मी म्हटलं, अक्का, या धंद्यात हात तयार व्हावा लागतो. सुरुवातीची वर्षं काचेची खाज मला झोपू देत नसे. रोज संध्याकाळी ॲसिटोनने हात धुवायचे आणि वर खोबरेल चोळायचं. आता दोन-तीन वर्षं झाली, खाज अजिबात नाही. काच मला ओळखायला लागली.

त्या स्वतःच्या बोटांना चिंध्या बांधत बसल्या.

७ एप्रिल, चतुर्थी

पद्मालयाला जाऊन आलो. गणपतीपुढे कापडाचा एक धागा ठेवला आणि म्हटलं, नवीन विद्या आहे, सांभाळून घे.

निघताना बेबाने माझ्या सदऱ्याची बटणं लावून दिली. हल्ली ती न सांगता लावते. चहाचा स्टीलचा पेलाही फडक्यात गुंडाळून देते. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. या वयात बाईमाणूस अशी माया करतं, याचं बरं वाटतं.

२० एप्रिल, आखाजी

अक्षय्य तृतीयेची वडिलांच्या नावाने घागर भरली, वर खरबूज, आमचं डांगर, ठेवलं. गोवरीचा विस्तव फुलवून पितरांच्या नैवेद्याची आगारी त्यात टाकली. तूप, पुरणपोळी, भात. वडिलांना मनात म्हणालो, नाना, तुम्ही मला सातवीपर्यंत शिकवलंत, पुढचं हातांनी शिकलो. आता या हातांना यश द्या. डोळे मिटून बराच वेळ तसाच बसलो होतो.

तेवढ्यात बेबा किंचाळली, ‘‘अहो, बोट जळी राह्यनं ना तुमनं!’’

दोन बोटं निखाऱ्याला टेकलेली होती. कातडी जळल्याचा वासही आला. मला आच लागली नव्हती, खरंच लागली नव्हती. मोठे फोड आले आहेत, पण दुखत नाही.

बेबा पदर तोंडाला लावून आत गेली. तिला कसं सांगू? मी वडिलांकडे हातांसाठी मागणं मागितलं आणि त्याच घडीला विस्तवाने हात राखला. मला कौल मिळाला आहे. परवापासून काम सुरू करतो.

२५ एप्रिल

आज बॉनेट घातलं. पहाटे पाचला सुरुवात केली, कारण दहानंतर पत्रा तापतो आणि रेझिन भांड्यातच घट्ट धरतं. साच्याला मेण, मग रेझिन, मग पहिला पदर. वीण सरळ बसायला पाऊण तास गेला. एकूण चार पदर. पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत जिथे बॉनेट गच्च धरणारी पिन अडकते तिथे लोखंडी पट्टी आत घालायची होती, म्हणून तिथे सहा पदर.

डावा कोपरा झटकन झाला. उजव्या कोपऱ्यापर्यंत येता येता नऊ वाजले आणि रेझिन घट्ट होऊन दोऱ्या सोडायला लागलं. रोलर नीट फिरेना. तिथे मी हातांनीच दाबलं, फोड आलेल्या बोटांनी, एकेक इंच. कुठे कुरकुर नाही. मऊ, ओलं, एकजीव. झुंबरबाईंनी विचारलं, ‘‘भिजनं का?’’ मी म्हटलं, ‘‘भिजलं, अक्का. माझी बोटं सांगतात.’’

२७ एप्रिल

साच्यातून निघालं. काट्यावर घातलं. पत्र्याचं मूळ बॉनेट साडेअठरा किलो, माझं काचेचं नऊ, हे सव्वापाच. उन्हात धरलं तर वीण सापाच्या कातडीसारखी चमकते. मी आयुष्यात इतकी देखणी वस्तू केलेली नाही. हळदकुंकू लावलं. शेठना वीण झाकलेली आवडणार नाही म्हणून पुन्हा पुसून टाकलं.

२ मे

नासीरने बॉनेट जीपवर बसवलं. बिजागऱ्या मागे, पिना पुढे. बसवल्यावर तो खिशातल्या पान्याने हळूहळू ठोकत सगळीकडे फिरला. त्याची सवयच आहे, नवीन भाग आला की वाजवून बघतो. उजव्या कोपऱ्यापाशी थांबला. पुन्हा ठोकलं.

‘‘झुलालभाऊ, इधर आवाज अलग आता है.’’

‘‘तिथे आत लोखंडी पट्टी आहे.’’

‘‘पट्टी तो उधर भी है.’’ डाव्या कोपऱ्यावर ठोकून त्याने मला ऐकवलं.

मी म्हटलं, ‘‘नासीर, तुझा कान इंजिनाचा आहे. तो कोपरा मी रोलरने नाही, बोटांनी घातलाय. इंच न इंच.’’

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग पाना खिशात टाकला. ‘‘तेरी उंगलियाँ बोलती हैं तो बात खतम.’’

खरं लिहायचं तर आवाज मलाही थोडा वेगळा वाटला. पण कापड उरलेलं नाही. आणि बोटांवर विश्वास नसेल तर मग कशावर ठेवायचा?

५ मे, रविवार

नासीरला अपघात झाला.

८ मे

आज थोडं लिहितो.

रविवारी सकाळी नासीर जीप घेऊन चाचणीला पहूरच्या पुढे गेला. शेठ मागून त्यांच्या मोटारीत होते. शेठ सांगतात, गाडी भरधाव होती आणि एकाएकी बॉनेट उघडून समोरच्या काचेवर आदळलं. नासीरला पुढचं दिसेना. जीप मोरीच्या कठड्याला धडकून खाली गेली. जीपचं तोंड चेपलं आहे, पिना कुठे गेल्या कुणाला माहीत नाही.

नासीरला धुळ्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं आहे. डावी बाजू गेली. वाचा गेली.

शेठची माणसं तुटलेलं बॉनेट माझ्या शेडमागे टाकून गेली. मी तिकडे गेलेलो नाही.

१३ मे

शेठनी बोलावलं होतं. म्हणाले, ‘‘नासीर पिना लावायला विसरला. घाई त्याला फार. चूक त्याची, मग त्याच्या दवाखान्याच्या खर्चाला मी कुठवर बांधील? पोलिसांना कागद द्यायचाय. तू बनवणारा, तुझी सही लागेल.’’

कारकुनाने लिहिलं होतं. बॉनेट मी तपासून दिले, ते मजबूत होते, पिना न लावल्यामुळे उघडले असावे.

मी म्हटलं, ‘‘शेठ, पिनांचं मी पाहिलं नाही.’’

‘‘बॉनेट मजबूत होतं की नाही? तेवढं सांग.’’

मी विचार केला. तो कोपरा दाबलेला आठवला. बोटाखाली कुरकुर नव्हती, हे मी देवापुढेही सांगेन. मजबूत होतं, तर मग पिनाच राहिल्या असणार, दुसरं काय? नासीर एकोणीस वर्षांत कधी काही लावायला विसरला नव्हता. पण माणूस आहे.

सही केली. पेन बोटांतून दोनदा निसटलं. शेठ म्हणाले, ‘‘घाबरतोस कशाला?’’

आता बाजारात सगळे म्हणतात, नासीर मिस्त्री विसरभोळा. रात्री हरिपाठ पूर्ण झाला नाही.

१९ मे, रविवार

एस.टी.ने धुळ्याला गेलो. एरंडोल, पारोळा, सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत होतो, काही दिसलं नाही.

नासीरची बायको जरीना खाटेशी बसली होती. तिने मला स्टूल दिलं. कागदाचं तिला ठाऊक होतं, तरी दिलं. एवढंच म्हणाली, ‘‘भाईजान, ये आदमी घर का ताला तीन बार देखता है. पिन कैसे भूलेगा?’’

नासीरचे डोळे उघडे होते, माझ्यावर लागलेले. मी त्याचा उजवा हात माझ्या हातात घेतला आणि भिंतीवरच्या पंख्याकडे बघत बसलो. थोड्या वेळाने जरीना एकदम उठली. ‘‘देखो, दबा रहा है! कित्ते दिन के बाद! आपका हाथ दबा रहा है, भाईजान!’’

मी म्हणालो, ‘‘कुठे?’’

‘‘अरे, देखो ना!’’

मी खाली पाहिलं. नासीर माझी बोटं जीव खाऊन दाबत होता. त्याच्या नखांखालचं रक्त हटलं होतं आणि माझ्या बोटांवर, जिथे त्याचा अंगठा रुतला होता, तिथे पांढरा डाग पडला होता. डोळ्यांना सगळं दिसत होतं. बोटांना काही नाही. हात कुणाचा तरी दुसऱ्याचा असावा तसा.

मला कुसळ आठवलं. निखारा आठवला. तो उजवा कोपरा आठवला. कुरकुर नव्हती असं नाही. मला ती कळणारच नव्हती.

पाणी आणतो म्हणून उठलो आणि तसाच स्टँडवर आलो.

२० मे

सकाळी देवापुढे निरांजन लावलं, डोळे मिटले आणि ज्योतीवर बोट धरलं. बेबाने हात ओढून बाजूला केला, तेव्हा बोट भाजत होतं ते कळलं.

मी विचारलं, ‘‘तुला केव्हापासून माहीत आहे?’’

‘‘दोन वरीस व्हयनात.’’

‘‘बोलली का नाहीस?’’

‘‘तुमना हातवर बठ्ठं घर चालस. मी काय बोलू?’’ आणि रडायला लागली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिचे केस हाताला लागले नाहीत.

मग शेडमागे गेलो. बॉनेटचे दोन तुकडे झाले होते. उजव्या कोपऱ्यातली लोखंडी पट्टी पिनेसकट उपसून गेली होती आणि पोळीचे पापुद्रे सुटावेत तसे पदर सुटले होते. पिन लावलेली नसती तर पट्टी उपसली कशाने असती? करवतीने तळहाताएवढा तुकडा कापून घेतला. अर्धा भाग दगडासारखा एकजीव. उरलेल्या अर्ध्यात आतला पदर सुटा, कोरडा, शेठनी टेबलावर उलगडला होता तसाच.

झुंबरबाई मागे येऊन उभ्या होत्या. मी त्यांना तुकडा दाखवला. त्यांनी आतल्या पदराला बोट लावून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘भिजनं नही, भाऊ.’’

वडिलांनी कौल दिला नव्हता. त्यांनी मला बोट जळताना दाखवलं होतं. मी उलटं वाचलं. विस्तवाने हात राखला असं मी या वहीत लिहून ठेवलंय. ते खोडत नाही, राहू दे.

२२ मे

पोलीस ठाण्यात गेलो. माझ्या हाताने दुसरा कागद लिहून दिला. बॉनेट सदोष होते, दोष माझा, नासीरने आवाज वेगळा असल्याचे सांगितले होते, मी ऐकले नाही, पिना लावलेल्या होत्या. अक्षर वेडंवाकडं आलं. हवालदार म्हणाले, ‘‘अहो बाबा, आधीचा कागद असताना स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेता?’’ मी म्हटलं, ‘‘आधीचा खोटा आहे.’’ त्यांनी ठेवून घेतला.

तिथून शेठकडे गेलो. त्यांनी बसा म्हटलं नाही. ‘‘झुलाल, आता जळगावात तुला कूलरची टाकी तरी कोण देतं ते बघ.’’ मी म्हटलं, ‘‘कुणी दिली तरी मी करणार नाही, शेठ. या हातांनी नाही.’’

झुंबरबाईंना दुसरीकडे काम बघायला सांगितलं. साचे शेडमध्ये पालथे घालून ठेवले.

२६ मे, रविवार

पुन्हा धुळे. तुकडा रुमालात बांधून नेला होता.

जरीनाने या वेळी स्टूल दिलं नाही, मी उभाच राहिलो. नासीर उशीला टेकून बसला होता. मी रुमाल सोडला, तुकडा त्याच्या मांडीवर ठेवला आणि उजव्या हातात रुपयाचं नाणं दिलं. त्याने आधी नाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मग त्याने खाटेच्या लोखंडी दांडीवर ठोकलं. कान जुळवून घ्यायची त्याची जुनी रीत आहे. दांडी वाजली. नंतर तुकड्याच्या भरीव भागावर ठोकलं. खणखणीत आवाज आला. मग नाणं हळूहळू कोपऱ्याकडे सरकवत नेलं आणि तिथे ठोकलं.

बद्द.

पुन्हा ठोकलं. बद्द. त्याच्या तोंडाची उजवी बाजू हलत होती, ओठांतून लाळ येत होती, शब्द येत नव्हता. डोळे माझ्यावर होते. तो ठोकतच राहिला.

‘‘ऐकलं,’’ मी म्हटलं. ‘‘नासीर, ऐकलं मी.’’

तेव्हा तो थांबला. जरीनाने त्याच्या हातातलं नाणं काढून घेतलं, तोंड पुसलं आणि मला विचारलं, ‘‘क्या बोल रहा है वो?’’

मी म्हटलं, ‘‘तो म्हणतोय, त्याने पिना लावल्या होत्या.’’